हुंबाच्या खिंडीपर्यंत

लिफ्ट वर गेली, खाली आली, दार न कुरकुरता उघडलं, आणि सुरजने हातातलं फडकं पिशवीत कोंबलं. कल्याणच्या त्या इमारतीतली लिफ्ट दुपारपासून बंद होती. बाहेर एक तरुण तिची वाट बघून कंटाळून भिंतीला टेकून उभा होता. काखेत हेल्मेट, अंगात जाड जाकीट, आणि गुडघ्यापर्यंतच्या बुटांवर तांबडी धूळ. सुरजची नजर त्या धुळीवर खिळली. कल्याणची धूळ राखाडी असते, सिमेंटची, ती कपड्यावर बसते आणि झटकली की जाते. ही तशी नव्हती. ही बुटांच्या शिवणीत शिरून बसली होती. "कुठून आलात?" असं त्याने विचारलं, खरं तर तो गिऱ्हाइकांना असं काही विचारत नसे. तरुण एकदम खुलला. "शहापूर-मुरबाडच्या आतून. काय रस्ते आहेत हो! डांबर नाही, गाडी नाही, नुसती खडी. थांबा, दाखवतो." त्याने फोन पुढे धरला. चित्रण वरून, आभाळातून केलेलं होतं. वाळलेल्या पिवळ्या गवताचे डोंगर एकामागे एक पालथे पडले होते, आणि त्यांच्यामधून एक लालसर रेघ जात होती, बाईने तेल लावून नीट पाडलेल्या भांगासारखी. रेघेवरून एक मोटारसायकल जात होती आणि तिच्यामागे धुळीचं शेपूट लांबत होतं. सुरजला वाटलं हा कुठला तरी परदेश असावा. मग रेघ वळली, वळणावर एक चिंच आली, चिंचेच्या सावलीत ओढ्यावरची एक मोरी आली, तिचा एक कठडा तुटलेला, आणि सुरजने फोन डोळ्यांजवळ ओढला. ती मोहवाडीची मोरी होती. त्याच्या मामाच्या गावची. आईचं माहेर. "तुम्हाला माहितीये ही जागा?" तरुणाने विचारलं. "नाही," सुरज म्हणाला. दार मिटलं, लिफ्ट तरुणाला घेऊन वर गेली, आणि सुरज खाली उभा राहून तिचा आवाज ऐकत राहिला.

आपण खोटं का बोललो हे त्याला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. मग वाटलं की ते खोटं नव्हतंच. आपल्या आईला कुणी नुसतं वरून, डोक्यावरून दाखवलं तर ती आपल्याला ओळखू येईल का? त्या मोरीवर तो शंभरदा बसला होता. सुट्टीत टोकावड्याकडून एसटीने यायचं, फाट्यावर उतरायचं, मामाच्या मागे चालत वाडीवर जायचं. पायाला खडी टोचायची. रस्ता म्हणजे टोचणारी गोष्ट, एवढंच त्याला त्या रस्त्याबद्दल ठाऊक होतं. तो सुंदर असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि मोरीच्या पुढे तो कुठे जातो हेही त्याने कधी विचारलं नव्हतं, कारण मामाचं घर मोरीच्या अलीकडे होतं. पुढे आश्रमशाळा, आयटीआय, नोकरी, लग्न, कल्याणच्या चाळीवजा इमारतीतली दोन खोल्यांची जागा. बाप, चांगो, गेल्यावर आईलाही त्याने इकडेच आणलं. इतकी वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. वर आणि खाली. काळोख्या उभ्या बोगद्यांत दोरांवरचं वंगण तपासत, बॅटरीच्या उजेडात. बाहेर पडलं की गाडीवर बसायचं आणि दुसऱ्या बोगद्याकडे जायचं. आडवं असं काही त्याच्या आयुष्यात राहिलंच नव्हतं, आणि हे त्याच्या लक्षात आलं ते एका परक्या माणसाच्या बुटांवरच्या धुळीमुळे.

त्या दिवसापासून तो फोनवर नकाशा बघू लागला. जेवणाच्या सुट्टीत, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, पाण्याच्या टाकीला पाठ लावून. आधी हायवे दिसायचा, जाड आणि पिवळा, मग बोटांनी चित्र मोठं केलं की तालुक्याचे रस्ते उमटायचे, आणखी मोठं केलं की रिकामी वाटणारी हिरवळ हळूहळू भरू लागायची, पानाच्या पाठच्या शिरा उन्हात धरल्यावर दिसाव्यात तशा केसाएवढ्या पांढऱ्या रेघा बाहेर यायच्या. एक वाडी दुसरीला जोडलेली, दुसरी नदीला, नदी पलीकडच्या पाड्याला. आटगावला हायवे सोडला तर एकदाही डांबराला न लागता, आजोबा नावाच्या डोंगराखालून, शाई नदी ओलांडून, काळू नदी ओलांडून, टोकावड्याच्या मागच्या अंगाने थेट म्हशापर्यंत जाता येत होतं, आणि तिथून पुन्हा सिद्धगडाच्या पायथ्याशी. दोन तालुक्यांत एवढं सगळं होतं. कामावरचे सोबती मोटारसायकलने लडाखला जायच्या गप्पा मारत, आणि तोही मनातून तिकडची स्वप्नं बघत आलेला होता. आता त्याला धाप लागल्यासारखं झालं. आपण ज्याला 'तिकडे काय आहे' म्हणून सोडून आलो ते एवढं अफाट आहे, आणि त्यातलं बोटभरसुद्धा आपण पाहिलेलं नाही. रेघेवरून बोट सरकवत तो एकेक वाट शेवटपर्यंत जाऊन बघायचा. त्याला हसूही यायचं.

फोनचा पडदा पुरेना तेव्हा त्याने गॅलरीतल्या फरशीवर खडूने नकाशा काढायला घेतला. डाव्या कोपऱ्यात आटगाव, उजवीकडे सह्याद्रीची भिंत, मध्ये मोहवाडीची मोरी. कुठे मुक्काम, कुठे पाणी, कुठली नदी पौष महिन्यात उतरता येईल. आठ-दहा दिवसांचा प्रवास होईल असं त्याने धरलं. दिपालीने कपडे वाळत घालताना पाय उचलून त्या रेघा ओलांडल्या आणि एक दिवस विचारलं, "एकटाच जाणार?"

"जुनी गाडी. खडीवर दोघांचं वजन नाय पेलायची."

"मी गाडीचं नाय विचारलं," ती म्हणाली. मग चिमटे लावत राहिली. तिचा प्रश्न त्याला बरोबर कळला होता. एवढ्या दिवसांत तो घरात असून नसल्यासारखा होता. आणि खरं उत्तर होय असं होतं. त्याला एकट्यालाच जायचं होतं. मुलगा, नवरा, कारागीर यांपैकी काहीच नसलेला एक माणूस त्या पांढऱ्या रेघेवरून जातोय असं त्याला डोळ्यांसमोर दिसायचं आणि तो माणूस त्याला फार आवडायचा.

आई, जिवली, त्या नकाशाबद्दल काहीच बोलली नव्हती. ती सकाळी गॅलरी झाडायची आणि खडूच्या रेघा तेवढ्या सोडायची, रांगोळी सोडावी तशा. एका रविवारी दुपारी ती तांदूळ निवडायला तिथेच बसली. तिची एक खोड होती, ताट कायम उजवीकडे ओढून घ्यायची, कारण डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, बुबुळावर दुधाळ पांढरा ठिपका. सुरजने तो जन्मापासून पाहिलेला होता, म्हणजे त्याने तो कधी पाहिलाच नव्हता. लहानपणी केव्हा तरी देवी आल्या असतील असं त्याने परस्पर धरून टाकलेलं होतं.

"ह्ये काय रं काढलंस? रोज वाढतंय."

"रस्ते, आये. हे आटगाव. हा इकडं डोंगर. आणि ही बघ, मोहवाडीची मोरी. तुझं माहेर."

तिने ताट बाजूला ठेवलं आणि ती वाकून बघू लागली. "मोरीच्या फुडं काय काढलंयस?"

"तोच रस्ता. पुढं हुंबाच्या खिंडीतनं पलीकडं जातो."

"ह्यो रस्ता आमी केला," जिवली म्हणाली.

ती हे तांदळात खडा सापडावा तशा आवाजात म्हणाली. सुरजला आधी वाटलं ती वाडीबद्दल बोलतेय. "आमी म्हणजे?"

"आमी म्हंजी आमी. रोजगार हमीचं काम व्हतं. दुष्काळाच्या मागनं. माजं लगीन नव्हतं झालं. आमची टोळी मोरीपासनं फुडं खिंडीपावतर. बायका खडी फोडायच्या, बाप्ये पसरायचे. तिथंच झोपड्या घालून ऱ्हायचो. कापडाची चुंबळ करायची, तिच्यात दगुड ठेवायचा, म्हंजी हलत नाय, आन मंग वरनं हातोडी." तिने हात उचलून दाखवला. हाताला ते आठवत होतं. मनगट एकदम हलकं झालं आणि खाली आलं. "पयल्या दिसांत बोटं फुटतात. मंग जमतं."

"तू कधी बोलली नाहीस."

"कुनी इचारलं?" ती सहज म्हणाली. पुन्हा ताट ओढलं. थोडे दाणे निवडून झाल्यावर, जणू राहिलेलं सांगून टाकावं म्हणून, तिने पुढे जोडलं, "खिंड थोडी लांब ऱ्हायली व्हती. तवाच ह्यो डोळा ग्येला. कपची उडाली. माजी नाय, शेजारनीच्या दगडाची. मंग मला घरी धाडली. म्होरल्या साली लगीन करून तुज्या बापाकडं."

गॅलरीच्या खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिचं किणकिणतं गाणं संपतच नव्हतं. सुरज खडूच्या रेघेकडे बघत होता. आभाळातून दिसलेला तो भांग, ते पालथे डोंगर, तो तरुण 'नुसती खडी' म्हणाला होता ती खडी. ती कुणीतरी फोडलेली असते. एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कधी आली नव्हती. डोंगर जसे असतात, नदी जशी असते, तशी खडी असते असं आपण धरून चाललो. खरं तर त्या रस्त्यावरचा एक एक तुकडा कुणाच्या तरी चुंबळीत बसला होता, कुणीतरी त्याच्यावर हात उचलला होता. एका बैलगाडीच्या रुंदीसाठी किती हात उचलले गेले असतील? आणि वळणं? मोरीपासून खिंडीपर्यंत? ती रेघ फोनवर बोटाने सरकवली की एका क्षणात संपायची, आणि त्या एका क्षणाच्या आत कुठेतरी एक परकर घातलेली मुलगी दोन्ही हातांनी डोळा दाबून ओरडत होती. त्याच्या छातीत काहीतरी फार मोठं होऊन बसलं. ते दुःख म्हणावं तर नुसतं दुःख नव्हतं. काळोख्या देवळात शिरल्यावर आत एकदम उंची असल्याचं जाणवावं, छत दिसत नसताना, तसं काहीतरी. त्याने आईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. तिच्या हाताची बोटं आखूड आणि पसरट होती, आणि आज ती त्याला पहिल्यांदा कुणा दुसऱ्याच माणसाची, कर्तबगार आणि परक्या माणसाची वाटली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्याने बादलीत फडकं भिजवलं आणि गॅलरी पुसायला घेतली. आटगाव पुसलं, शाई पुसली. मोरीपाशी आला तेव्हा मागून आईचा आवाज आला, "का पुसतोस?"

"नाय जायचं. सोडून दिलं."

"का?"

त्याने फडकं बादलीत पिळलं. शेवटी म्हणाला, "ज्या रस्त्यानं तुझा डोळा नेला त्याच्यावर मी मजा करायला जाऊ?"

जिवली अशी चिडली की दिपाली स्वयंपाकघरातून बाहेर आली. "रस्त्यानं न्हेला? रस्त्याचा काय गुन्हा रं त्यात? दगडाची कपची उडाली. माजा डोळा ग्येला म्हनून रस्ता वंगाळ झाला? मंग आमी तो केला कशाला? माणसं जायाला केला ना? जनावरं जायाला? ती तुजी शेरातली लोकं मोठ्या मोठ्या गाड्या घेऊन जातात तुला दिसलं, आन आमच्या पोराला जायाला लाज वाटती!" ती धापा टाकत खाली बसली. मग आवाज उतरला. "त्यो फुडं कुठं जातो रं? खिंडीच्या पल्याड?"

"तुला माहीत नाय?"

"कसं ठावं असंल? आमची हद्द खिंडीपावतर. पल्याड दुसरी टोळी व्हती, तिकडच्या वाड्यांची. आमी रोज संध्याकाळी बोलायचो, बायका बायका, का आपून ह्यो रस्ता करतो, त्यो जातो कुठं? कुनी म्हणायची म्हशाला, कुनी म्हणायची घाट चढून वर. मी तं खिंडबी नाय पायली. मंग लगीन, मंग तू, मंग सगळंच."

दिपालीने सुरजच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "आईंना घेऊन जा," ती म्हणाली, आणि त्याने गाडीचं काही बोलण्याआधीच, "गाडी पेलते. मला ठाव हाय."

असं ठरलं की आईला खिंड दाखवायची, खिंडीतून मागे फिरायचं, मोहवाडीला मामाकडे तिला सोडायचं, आणि मग सुरजने आपल्या वाटेने पुढचे दिवस जायचं. आईच्या कंबरेला एवढंच सोसवेल, असं दिपालीचं आणि त्याचं एकमत झालं. जिवलीने त्यावर मान हलवली. म्हशाची गुरांची जत्रा उरकून जनावरं परतायला लागली होती त्या आठवड्यात ते निघाले. आटगावला हायवे सोडला, आणि थोड्याच वेळात चाकाखालचा आवाज बदलला. डांबराचा एकसुरी गुंजारव गेला आणि कुणीतरी दाढेखाली चणे फोडत असावं तसा करकराट सुरू झाला. सुरजने वेग कमी केला. त्याने प्रवासाची एवढी आखणी केली होती, पण या आवाजाची केली नव्हती. प्रत्येक करकरीला त्याच्या पाठीतून शहारा जात होता, आणि पाठीमागे, एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसलेली, त्याचा खांदा धरलेली आई मान वाकवून खाली खडीकडे बघत होती.

मोहवाडीला मंगळूमामा अंगणात उभाच होता. त्याने बहिणीला गाडीवरून उतरवून घेतलं, काळा चहा दिला, आणि बेत ऐकून हसला. "खिंडीत काय बघायचंय तुला? आमी जातो लाकडाला. खिंडीपावतर. फुडं आमचं काय काम?"

"तू बी नाय ग्येला?" जिवलीने विचारलं.

"नाय ग्येलो गो."

तिने कपातला चहा तसाच खाली ठेवला.

मोरीच्या पुढे झाडी दाट झाली. साग, ऐन, मधेच एखादा हुंब. रस्ता चढाला लागला आणि बाजूच्या दरडीचा दगड काळा होत गेला. एका सपाटीवर जिवलीने खांद्यावर थाप मारली. सुरज थांबला. ती उतरली आणि रस्त्यावर उकिडवी बसली. तळहात खडीवर ठेवला, फिरवला, काही उचललं नाही. सुरजला वाटलं आता ती सांगेल, इथे झोपडी होती, इथे मी बसायचे, इथे. "हितं?" त्याने शेवटी विचारलं.

"काय ठाव. आसंल नायतर नसंल," ती म्हणाली. "किती येळा वरनं दुसरी टाकली आसंल. त्यातली माजी कोनची, कसं सांगू? सगळी येकसारखीच." आणि ती हात झटकून उठली, कसलीच हळहळ नसल्यासारखी. सुरजला तिच्याएवढं सहज होता येईना. तो खाली बघत होता, आणि एकसारख्या दिसणाऱ्या त्या सगळ्या तुकड्यांमध्ये त्याला एकही सारखा दिसेना. एकाची धार मऊ झाली होती, एकात चकाकी होती, एक अर्धा मातीत बसला होता. कुणाच्याच नावाचे नव्हते ते. बिननावाचं एवढं काम उन्हात पसरून पडलेलं, मैलोन्मैल, आणि त्याच्यावरून हरणं जातात, पाऊस जातो, परके तरुण जातात. गाडीवर पाय ठेवताना त्याला वाटलं की पायातलं काढून ठेवावं.

शेवटचा चढ अवघड होता. मागचं चाक दोनदा घसरलं, खडी मागे उडाली, आई "आयो" म्हणून त्याला घट्ट बिलगली. मग दोन्ही बाजूंच्या दरडी जवळ आल्या, सावली झाली, वारा समोरून अंगावर आला आणि खिंड संपली.

त्याने गाडी बंद केली नाही, ती आपोआप बंद पडली. समोर जमीन नव्हतीच, निदान पहिल्या क्षणी तसं वाटलं. खाली एक आख्खं खोरं उघडं पडलं होतं, भाताची कापलेली खाचरं एकाखाली एक उतरत गेलेली, त्यांच्यामध्ये नदीचं पाणी तुकड्यातुकड्याने चमकणारं, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे, एवढ्या जवळ की हात लावावा, सह्याद्रीचा कडा उभा होता. तो नजरेत मावेना. सुरजने मान डावीकडून उजवीकडे नेली तरी तो संपत नव्हता. नकाशावर ती एक तपकिरी कड होती. फरशीवर त्याने ती खडूच्या दोन फटकाऱ्यांत काढली होती. आणि रस्ता, आईच्या टोळीने दुसऱ्या टोळीच्या हातात दिलेला तो रस्ता, खिंडीतून निघून वळणं घेत खाली उतरत होता, खोऱ्यात शिरत होता, नदीपाशी नाहीसा होऊन पलीकडे पुन्हा निघत होता, कड्याकडे, आणि पार तिथे केसाएवढा होईपर्यंत दिसत होता. सुरजला त्या एकट्या, आवडत्या माणसाची आठवण झाली, नकाशावरून जाणाऱ्या. तो कुठेच नव्हता. इथे त्याला उभं राहायला जागाही नव्हती.

जिवली उतरून दोन पावलं पुढे गेली होती. चांगल्या डोळ्याच्या बाजूने बघायचं म्हणून तिने मान किंचित फिरवली होती. पदर वाऱ्यावर उडत होता आणि तो सावरायचं तिला भान नव्हतं. मग तिने उगाच एक हात उचलला, खाली कुणाला तरी दाखवावं तसा, आणि म्हणाली, "बायांनो, आगं ह्यो बगा कुठं जातो."

ते सुरजसाठी नव्हतंच.

थोड्या वेळाने त्याने वर पाहिलं. ऊन डोक्यावर आलं होतं, मामाकडे परत जायला हवं होतं, आईची कंबर, दिपालीला दिलेला शब्द. "आये, निघू या ना? मागं फिरायचंय."

ती वळली. तिचं तोंड लहान मुलीसारखं उघडं होतं. ती गाडीपाशी आली, सीटवर हात ठेवला, आणि इतका वेळ एका अंगाला पाय सोडून बसलेल्या त्या बाईने लुगड्याचा काष्टा वर खोचला, पाय पलीकडे टाकला आणि दोन्ही बाजूंना पाय सोडून पक्की बसली.

"पेट्रोल किती हाय रं?" तिने विचारलं.

"हाय की. भरपूर हाय."

"मंग मागं काय म्हनून फिरायचं?" जिवली म्हणाली. "चाल."

सुरजने किक मारली. गाडी उताराला लागली, आणि खाली, दुसऱ्या टोळीच्या खडीवर, चाकं करकरू लागली.